हिरवा दिवा किती वाजता विझतो

हरिहरेश्वर
१२ मार्च २००३

चि. श्रीनिवास यास रंगरावचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. मेहुण्याची आठवण कामापुरतीच येते असं तू मनात म्हणशील, तर म्हण. तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, म्हणून हा कागद.

दिवाळीआधी बुधवार पेठेत तुझ्या दुकानी मी मिनीबस आणली होती, ती आठवत असेलच. सीटा काढून पलंग, ओटा, बारका फ्रिज बसवलेली. जानेवारीत तिच्यातून निघालो ते अजून हिंडतोय. हिंजवडीची जमीन कंपन्यांना गेली तेव्हा गावातले लोक म्हणाले, रंगराव आता काय करणार? म्हटलं, रंगराव आता भारत बघणार. तुझी आक्का मजेत आहे. रोज समुद्रावर फिरते.

अडचण एकच आहे. तू टपावर सोलरची पाटी आणि फ्रिजसाठी वेगळी बॅटरी बसवून दिलीस, ती टिकत नाही. सकाळी उठावं तर फ्रिज बंद, आत कोमट. थंड पाण्यावाचून माझं अडलेलं नाही, पण आक्काला गेल्या वर्षापासून इन्शुलिन चालू आहे आणि त्या बाटल्या फ्रिजात असतात. डॉक्टरनं बजावलंय की उन्हाळ्यात त्या गरम झाल्या तर औषध फुकट. काय बिघडलंय ते लिही.

उत्तर हिंजवडीला बजरंग पंक्चरवाल्याच्या पत्त्यावर टाक. आम्ही असू तिथं तो एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो. आमची पत्रंही त्याच वाटेनं तुला येतील.

रंगराव


बुधवार पेठ, पुणे
१७ मार्च

ति. दाजींस नमस्कार.

पत्र पावलं. आक्काला इन्शुलिन सुरू होऊन वर्ष झालं हे मला आत्ता कळलं. कळवल्याबद्दल आभार.

आता गाडीचं. फ्रिजच्या बॅटरीला दोन ठिकाणहून खाणं मिळतं. एक टपावरच्या पाटीतून, ऊन असेल तेव्हा. दुसरं इंजिनच्या डायनॅमोतून, गाडी चालू असेल तेव्हा. मध्ये मी रिले बसवलेला आहे. इंजिन चालू झालं की तो गाडीची बॅटरी आणि फ्रिजची बॅटरी जोडतो, बंद झालं की तोडतो. दोन्हीपैकी कुठून उपासमार होते आहे ते आधी बघू. अंदाजाने दुरुस्ती करणारे पुष्कळ आहेत, त्यांची दुकानं मोठी आहेत.

तुम्हाला मीटर दिला होता. रोज सकाळी आठला आणि दुपारी बाराला फ्रिजच्या बॅटरीवर धरून आकडा लिहा. साडेबाराच्या वर असेल तर पोट भरलेलं, बाराच्या खाली गेला तर रिकामं. इंजिन चालू करून पुन्हा धरा, तेव्हा १४.२ च्या आसपास यायला हवा. आणि पाटीच्या डब्यावर हिरवा दिवा आहे, तो बॅटरी भरत असताना पेटतो. तो संध्याकाळी किती वाजता विझतो ते लिहा. अंदाजपंचे नको, घड्याळ बघून.

बॅटरी उत्तम आहे. तिच्याकडे बोट दाखवू नका.

आक्काला नमस्कार. समुद्रावर अनवाणी फिरू नको म्हणावं.

श्रीनिवास


गणपतीपुळे
२७ मार्च

चि. श्रीनिवास यास आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं सगळं लिहिलं. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर आज तहसीलदार असतो.

सकाळी आठला ११.८ येतात, रोज. दुपारी बाराला १२.४. इंजिन चालू केल्यावर १४.२. हिरवा दिवा सव्वाचारला विझतो. पाटीवर रोज राखाडी थर बसतो, मी फडक्यानं पुसतो, दुसऱ्या दिवशी परत तेच.

इथली हवा झकास आहे. आक्कानं देवळापुढच्या वाळूत बसून मोदक खाल्ला नाही, हे तुला मुद्दाम सांगायला सांगितलंय. साखर सांभाळून आहे म्हणावं. दिग्विजयचा फोन येत असतो, त्याचा धंदा जोरात आहे. कंपन्यांच्या पोरापोरींना ने-आण करायला आठ मिनीबस लावल्यात त्यानं. म्हणतो, आप्पा तुम्ही ऐश करा.

रंगराव


बुधवार पेठ
२ एप्रिल

ति. दाजींस नमस्कार.

तुमचा चिरंजीव आठ गाड्या चालवतो हे वाचून आनंद झाला. माझ्याकडे वायरिंगला एकही येत नाही, तेव्हा त्या बिघडत नसाव्यात.

राखाडी थर म्हणजे समुद्राचं मीठ. फडक्याने पुसून ते पसरतं, पाण्याने धुवा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा फुलोरा आला असेल तर गरम पाणी ओता, घट्ट आवळा, वर व्हॅसलीन लावा. दिवा सव्वाचारला विझतो हे मात्र लवकर आहे, साडेपाच तरी व्हायला हवेत. तुम्ही गाडी नारळीच्या सावलीत लावून वर लोळत असणार. माणसांना सावली, पाटीला ऊन, असं काही जमतं का बघा.

आणखी एक. घाटातून जाण्याआधी एकदा पुण्यात येऊन जा. अर्ध्या दिवसात मी सगळं तपासून देतो. वाटल्यास बॅटरीही बदलून देऊ, नेहमीच्या सर्व्हिसिंगचा भाग म्हणून. त्यात काही बिघाड आहे म्हणून नव्हे. गेल्या भाऊबीजेला माझं येणं झालं नाही, आक्काला बघूनही दीड वर्ष झालं.

श्रीनिवास


मालवण
२४ एप्रिल

चि. श्रीनिवास यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पाटी धुतली, टर्मिनल आवळली, व्हॅसलीन लावलं. सकाळचा आकडा ११.६. हिरवा दिवा तीनला विझतो. सावलीचं तू म्हणालास म्हणून गाडी उघड्या माळावर उभी केली आहे. एक झाड नाही, आत बसवत नाही इतका पत्रा तापतो. तरी तीनलाच.

इंजिन चालू केल्यावर १४.२. काल इथवर सहा तास गाडी चालवली.

पुण्यात यायला जमणार नाही. आत्ता कुठं कोकण बघून होतंय. आणि सहा महिन्यांची बॅटरी बदलायची कशाला? तूच म्हणतोस उत्तम आहे. चांगला माल बदलणारा मी उधळ्या नाही.

आक्काच्या उजव्या अंगठ्याला चपलेनं चावलंय. जखम बारकी आहे, हळद लावली. तिला सांगितलं मी लिहू नको म्हणून, पण ती म्हणते लिहा. म्हणून लिहिलं.

रंगराव


बुधवार पेठ
२८ एप्रिल

ति. दाजींस नमस्कार.

मालवणहून पत्र दोन दिवसांत माझ्या हातात आलं. एसटी सुधारली म्हणायची.

मधुमेहाच्या पायाला हळद लावून बसू नका. उद्याच डॉक्टरला दाखवा. फ्रिजातल्या बाटल्या टाकून द्या, एकदा तापलेलं इन्शुलिन पाण्यासारखंच. नव्या घ्या. त्या प्लास्टिकच्या डबीत घालून, डबी मातीच्या माठात, माठाला ओलं फडकं, माठ गाडीबाहेर. हे गावोगाव करतात, यात काही कमीपणा नाही.

बॅटरीसाठी एकच करा. रोज दोन तास गाडी चालवा. सोलर जाऊ दे खड्ड्यात, डायनॅमो दोन तासांत पोट भरतो. डिझेल जळेल, जळू दे.

एका गिऱ्हाइकाने मागवलेली मोठी बॅटरी माझ्याकडे पडून आहे. उंच, फ्रिजसाठी जास्त बरी. ती एसटी पार्सलने पाठवतो, दोन वायरी काढून दोन लावायच्या आहेत. कुठल्या डेपोवर पाठवू तेवढं कळवा. पैशाचं नाव काढू नका. दाजी, मी विनंती करतो आहे. माझ्या हातून अशी वाक्यं फारशी जात नाहीत.

श्रीनिवास


आंबोली
१९ मे

श्रीनिवास,

पार्सल पाठवू नकोस. तुझ्या गिऱ्हाइकाचं उरलंसुरलं मला नको. रंगरावनं आयुष्यात कुणाचं पडलेलं उचललेलं नाही. तुझ्या दुकानात मी नगद मोजून माल घेतला, तो नीट चालवून द्यायची जबाबदारी तुझी. दोन महिने मी मीटर धरून बसतोय आणि तू मला पाटी धुवायला लावतोस.

सकाळी ११.२. फ्रिज दिवसाचे तीनचार तास चालतो. हिरवा दिवा दोनला विझतो. इंजिन चालू केल्यावर १४.२.

माठ केला. अंगठा काळा पडलाय. ताप येतो-जातो. इथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात.

रंगराव


बुधवार पेठ
२३ मे

ति. दाजींस,

तुमची चारही पत्रं मी काल दुकानाच्या फळीवर ओळीनं मांडली. बहिऱ्या माणसाला दुपारी दुसरा उद्योग नसतो.

गणपतीपुळ्याला, मालवणला, आंबोलीला, तिन्ही ठिकाणी इंजिनचा आकडा १४.२. ना १४.१, ना १४.३. पस्तीस वर्षांत असा डायनॅमो मी पाहिला नाही. तो आकडा मीच तुम्हाला नमुन्यादाखल लिहून दिला होता. सहा तास गाडी चालवून मालवणला पोचलेल्या माणसाची बॅटरी सकाळी ११.६ नसते, दाजी. ती गाडी चालली नाही.

आता हिरवा दिवा. मार्चमध्ये सव्वाचार, एप्रिलमध्ये तीन, मेमध्ये दोन. दिवस मोठा होतो आहे आणि तुमच्याकडचं ऊन लवकर संपतं आहे. आधी मी मीठ म्हणालो, मग नारळ म्हणालो, मूर्खपणा केला. समुद्रकाठी असं होत नाही, डोंगरातही नाही. झाडं दोन महिन्यांत एवढी वाढत नाहीत. दर महिन्याला एकदोन मजले उंच होणारी एकच गोष्ट मला माहीत आहे. तुमच्या पत्राच्या घडीत राखाडी पूड सापडली, बोटावर घेऊन पाणी लावलं, सकाळपर्यंत घट्ट झाली. मीठ घट्ट होत नाही.

तुम्ही हिंजवडीतच आहात. पश्चिमेला इमारत उभी राहते आहे. गाडी जानेवारीपासून जागची हललेली नाही.

रविवारी येतो आहे. बजरंगला सांगा, मला वाट दाखव. तो नाही म्हणाला तर मी नव्या इमारतींच्या सावल्या बघत हिंडेन, पण येईन. आक्काला तोवर हलवू नका आणि तुम्ही कुठे जाऊ नका.

श्रीनिवास


हिंजवडी
९ जून

श्रीनिवास,

तू आलास, पाहिलंस, आक्काला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी ओरडलो असतो, तर तुला ऐकू येत नाही. तुझी लिहायची पाटी मागून घेऊन खडूनं भांडावं इतका मी अजून खाली आलेलो नाही. म्हणून लिहितो.

आज तिचा पाय कापला. गुडघ्याखाली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरापूर्वी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं. हे तू माझ्याआधी ऐकलंस, तुला त्यांनी कागदावर लिहून दिलं, आणि तू तो कागद घडी करून माझ्या खिशात घातलास.

आता तुला सगळं कळलंच आहे, तर नीट कळू दे. दिग्विजयचा धंदा दसऱ्यापासूनच डबघाईला होता. कंपनीनं एका मोठ्या ठेकेदाराला काम दिलं आणि आमच्या आठ गाड्या दारात उभ्या राहिल्या. बंगला तारण होता, तो गेला. दिवाळीआधी तुझ्या दुकानी मी जी गाडी आणली, ती राहायलाच सजवत होतो. ऐट करायला नाही. दिग्विजय बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला. म्हणाला, "आप्पा, महिनाभर कळ काढा." गावाला मी सांगितलं, भारत बघायला चाललो. लोकांनी हार घातले, नारळ फोडला. तळेगावच्या पुढं इंजिन बसलं. बजरंगनं संध्याकाळी टो करून परत आणली.

दीड गुंठ्याचा एक तुकडा कंपनीच्या मोजणीत सुटला होता, कोपऱ्यात, वेडावाकडा. आमच्या विहिरीची जागा ती. तिथं उभी केली. तिन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, गावातलं कुणी तिकडं फिरकत नाही. समोर ज्या जमिनीत मी चाळीस वर्षं ज्वारी काढली, तिच्यावर ते काचेचं काम चाललंय. पहिला स्लॅब पडला तेव्हा मी मोजला. मग मोजायचं सोडून दिलं.

तू म्हणशील मला सांगायचं होतं. तुला सांगू? माझ्या लग्नात तुझे वडील चार माणसांत म्हणाले होते, शेतकऱ्याच्या घरी देतोय, पोरीला उपाशी ठेवू नका म्हणजे झालं. चाळीस वर्षं मी त्या वाक्याला पुरून उरलो. आणि शेवटी तुझ्यापुढं हात पसरू?

तू बसवून दिलेल्या सामानाच्या बिघाडापायी माझ्या बायकोचा पाय गेला. तू मेस्तरी आहेस म्हणवतोस. विचार कर.

रंगराव


बुधवार पेठ
१४ जून

ति. आक्का,

दवाखान्यात तुझ्या उशाशी तीन दिवस बसलो आणि हे लिहून तुझ्या हातात देण्याचं धैर्य झालं नाही. घरी येऊन पोस्टाने पाठवतो आहे. वाचून झालं की दाजींना दे, किंवा फाडून टाक.

दाजी खोटं बोलले. पण मी त्यांच्याआधी खोटं वागलो.

दिवाळीआधी ते दुकानात आले तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती. हातात अंगठ्या, बरोबर दिग्विजय. माझ्या पाटीवर त्यांनी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चांगला माल टाक, पैशाकडे बघू नकोस. उरतील ते ठेव, दिवाळी समज.' आणि पाटी माझ्यापुढे धरली. बाकी सगळ्यांनी वाचली. लोक हसले. हसणं ऐकू येत नाही, दिसतं. मी पाटी हाताने पुसली.

त्या रात्री नाही, त्याच दुपारी, डोकं शांत असताना, मी त्यांच्या गाडीत ट्रकची बॅटरी बसवली. ट्रकची बॅटरी म्हणजे इंजिनला एक जोरदार धक्का देऊन मोकळी होणारी. फ्रिजला रोज थोडं थोडं देत राहणं तिला झेपत नाही. चार महिन्यांत ती पोकळ होते. मला हे माहीत होतं. मी मनात म्हटलं, श्रीमंताचं खेळणं आहे, दोनदा फिरवून शेडमध्ये टाकतील. फ्रिजात सरबत असेल, गरम झालं तर होऊ दे.

मार्चमधल्या पत्रात इन्शुलिन हा शब्द वाचला तेव्हाच मला कळलं. त्याच दिवशी एका ओळीचं पोस्टकार्ड पुरलं असतं, की बॅटरी चुकीची आहे, मी चुकीची दिली. ते मी लिहिलं नाही. त्याऐवजी 'बॅटरी उत्तम आहे' असं लिहिलं, आणि मग सर्व्हिसिंग, गिऱ्हाइकाची पडून असलेली बॅटरी, असले बहाणे. गुपचूप बदलून टाकायची, कुणाला कळू नये, एवढंच डोक्यात. मी दाजींचे आकडे तपासत बसलो आणि माझा आकडा मला माहीत होता.

मला स्वतःची घृणा वाटते. इथे येऊन राहा. दोघंही या. वरच्या दोन खोल्या मोकळ्या करतो.

श्रीनिवास


दवाखाना, बायकांचा वॉर्ड
२९ जून

चि. श्रीनिवास,

तुझं पत्र नर्स नीरजानं आणून दिलं. मी ह्यांना दिलेलं नाही. फाडलंही नाही, उशीखाली आहे. तुझं तू त्यांना सांग. माझ्याकडून निरोप पाठवायची तुम्हा दोघांची खोड आता पुरे झाली.

तुला वाटतं तू मला काहीतरी नवीन सांगितलंस. अरे, लग्न होईपर्यंत वडिलांच्या दुकानात बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर कोण भरायचं? तू तेव्हा चड्डीत होतास. फ्रिजला चालणारी बॅटरी उंच असते. गाडीत ठेवलेली बुटकी, दोन्ही बाजूंना उचलायच्या दोरीचे कान. तू वरचा कागद खरवडला होतास, कान कसे लपवणार? गाडी दारात आली त्याच दिवशी पलंगाखालचं झाकण उघडून मी बघितलं आणि परत लावून टाकलं.

ह्यांना का नाही सांगितलं, विचारशील. कशी सांगू? 'तुमच्या मेहुण्यानं तुम्हाला फसवलं' असं? आधीच घर गेलेलं, मुलगा सोडून गेलेला. ते तुझ्या दुकानावर धावून आले असते, चार माणसांत तुझी लाज गेली असती. माझं माहेर एकच आहे आणि त्यात तू एकटाच उरलायस. मग तुला तरी का नाही कळवलं, की आम्ही हिंजवडीतच पत्र्यात बसलोय? तर तुला कळलं असतं माझ्या नवऱ्यापाशी घर नाही. चाळीस वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना मोजत आलात. मी मधे उभी राहून दोन्हीकडचं झाकत आले. सवय झाली होती.

ते पत्र लिहायला बसले की मी विचारायची, "आज कुठं आहोत आपण?" ते म्हणायचे, "मालवण." मग मी खिडकीतून सिमेंटच्या गोण्या बघत बसायची. एकदोनदा हसू आलं, खोटं सांगत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. तिथल्या वॉचमनची बायको आहे, दीपमाला, यवतमाळकडची. रोज हंडाभर पाणी आणून द्यायची. बाटल्या तापतात बघून म्हणाली, "काकू, साइटच्या ऑफिसात फ्रिज हाय, साहेबलोकं थंडा पितात त्यातलं. द्या, मी ठेवतो." तीस पावलांवर होता तो फ्रिज. ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या वावरात उभं राहून त्यांच्याकडं भीक मागू?" मग मी जाऊन तिला म्हटलं, राहू दे गं, आमच्याकडं आहे फ्रिज. तेव्हा डॉक्टरला नको, बॅटरी नको, तुझं पोस्टकार्ड नको, नुसतं तिच्या हातात बाटल्या द्यायच्या होत्या. ते माझंही चुकलं. सगळं तुझ्यावर आणि ह्यांच्यावर लोटून मला मोकळं होता येणार नाही. पण पाय माझा गेला, तुमच्यापैकी कुणाचा नाही, हेही लिहून ठेवते.

तुझ्याकडं यायचं म्हणतोस. तुझ्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. लग्नाआधी रोज पाण्याची कळशी घेऊन मी त्या चढलेय, विसरले नाही. आता कशी चढू? दिग्विजय येऊन गेला, रडला, निघून गेला. आम्ही गाडीतच जाणार. तू ती उंच बॅटरी आणून बसव. ह्यांच्या समोर बसव, काय होती आणि काय बसवतोयस ते पाटीवर लिहून. पाटी माझ्यापुढं नको धरूस, त्यांच्यापुढं धर. साइटवाल्यांनी आता आठवा मजला टाकलाय म्हणे, तेव्हा टपावरची सोलरची पाटी काढून घेऊन जा. तिला तिथं ऊन मिळायचं नाही. बजरंग दुकानातून विजेची तार ओढून देतो म्हणालाय, मी हो म्हटलं. ह्यांना विचारलं नाही.

भाऊबीजेला येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ये. फक्त दरवर्षीसारखा पाट मांडलेला नसेल, रांगोळी नसेल. मला आता खाली बसता येत नाही. मी पलंगाच्या कडेला बसेन, तू समोर उभा राहा. तसंच ओवाळीन.

तुझी
आक्का